कोठीवाल्यांचा पाचू

माझी मावशी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दुकानाच्या मागे एक चिंचोळी खोली होती. तिथे खिडकीखाली यंत्र मांडून ती दिवसभर भिंगं घासायची आणि फ्रेमच्या मापाला आणून बसवायची. खोलीत कायम ओल्या काचेच्या पिठाचा वास असे. गिऱ्हाइकांशी तिचा संबंध येत नसे, पण एखाद्याची तक्रार आली की मालक पडदा सारून म्हणायचे, "ताई, जरा बघता का?" मग ती ते भिंग उजेडाकडे धरायची आणि एक डोळा मिटून बघायची. ही सवय तिला घरीही सुटली नव्हती. भाजी घेतानासुद्धा ती एक डोळा मिटायची. आम्ही भाचरं तिला भिंगमावशी म्हणत असू.

या कामाचा तिला पगार मिळे. दुसरं एक काम ती बिनपगारी करायची आणि त्यापायी तिनं घरच्यांची पुष्कळ बोलणी खाल्ली. ती एक पाचू शोधत होती.

हा पाचू राणीसाहेबांच्या हारातला. माझे आजोबा, म्हणजे मावशीचे वडील, राजवाड्यातल्या दागिन्यांच्या कोठीवर होते. कोठी म्हणजे जाड भिंतींची, एकच उंच खिडकी असलेली खोली. भिंतींना लागून लोखंडी कपाटं आणि मधोमध मऊ कापड अंथरलेलं टेबल. समारंभ असला की आजोबांनी दागिने काढून द्यायचे, संपला की पुसून, पारखून परत जागेवर ठेवायचे. किल्ल्या त्यांच्या कमरेला. गावात त्यांना सगळे कोठीवाले म्हणत आणि त्या म्हणण्यात तेव्हा मान होता.

कोठीतला सगळ्यात मोठा दागिना म्हणजे सातपदरी मोत्यांचा हार. त्याच्या मधोमध अंगठ्याच्या पेराएवढा सहाकोनी पाचू होता आणि त्यावर तीन पानं कोरलेली होती. हार गादीचा होता. जी राणी गादीवर असेल तिनं तो घालायचा आणि पुढच्या राणीच्या हवाली करायचा. विकायचा, मोडायचा अधिकार कुणालाच नव्हता.

मग राजवट संपली. सरकारनं राजवाडा ताब्यात घेतला आणि दागिन्यांची मोजदाद करायला अधिकारी आले. त्यांच्यासोबत बाहेरून बोलावलेला एक रत्नपारखी होता. एकेक कपाट उघडलं गेलं. सगळं जागच्या जागी होतं, फक्त हाराची पेटी रिकामी निघाली. आजोबा म्हणाले, "माझ्या ताब्यातून गहाळ झाला." अधिकाऱ्यांनी कधी, कसा, कुणी, असं परोपरीनं विचारलं. आजोबांनी तेच एक वाक्य पुन्हा सांगितलं आणि नंतर तोंडच मिटून घेतलं.

त्यांना पोलीस घेऊन गेले. घराची झडती झाली. मावशी तेव्हा प्राथमिक शाळेत होती आणि माझी आई पाळण्यात. मावशीला त्या दिवसातलं एवढंच नीट आठवत होतं की एका पोलिसानं धान्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढल्यावर आजीकडे हात पुसायला फडकं मागितलं. आजीनं ते दिलंसुद्धा.

पुरावा काही मिळाला नाही. आजोबा सुटून आले, पण नोकरी गेली ती गेलीच. मग ते एका लाकडाच्या वखारीत काट्यावर बसायला लागले. आलेलं लाकूड तोलायचं आणि आकडा ओरडून सांगायचा. आजी शाळेचे गणवेश शिवायची. गावात आम्हाला अजूनही कोठीवालेच म्हणत, पण आता तो शब्द उच्चारताना लोक एकमेकांकडे बघत. शाळेत मुलींनी एक खेळ काढला होता. मावशी दिसली की म्हणायच्या, "मूठ उघड बघू." ती उघडायची. मुली आत बघायच्या आणि हसायच्या.

एकदा तिनं आजोबांना सरळ विचारलं, "बाबा, तुम्ही घेतलात का हो हार?"

आजोबा पायातली कुसळं काढत बसले होते. त्यांनी वर बघितलं. "तुला काय वाटतं?"

"नाही घेतला."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पायाकडे वळले. ते "हो" म्हणाले नाहीत आणि "नाही"ही म्हणाले नाहीत. त्यानंतर तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. ती कॉलेजात असताना आजोबा वखारीतच काट्याशेजारी बसल्या बसल्या गेले.

आजोबा गेल्यावर तिच्या मनानं घेतलं की हार खरोखर कुठे गेला ते शोधायचं. ज्यानं घेतला त्याचं नाव निघालं की बाबांचं नाव आपोआप सुटेल, असा तिचा साधा हिशेब. माझ्या आईला हे मुळीच पसंत नव्हतं. आई म्हणायची की लोक विसरायला लागलेत आणि ही बाई त्यांना आठवण करून देत फिरते आहे. दोघी बहिणींची यावरून अनेकदा जुंपली आणि एकदा तर वर्षभर अबोला झाला.

मावशीच्या बाजूनं एकटे काका होते, तिचे यजमान. ते सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांची बांधणी करायचे. खळ, सुतळी आणि जुना कागद यांत त्यांचं आयुष्य गेलं, पण माणूस मोठा हजरजबाबी. पाहुण्यांना ते गंभीरपणे सांगायचे, "हिचं लग्न माझ्याशी झालंय, पण संसार एका दगडाशी चाललाय. मी आपला पाहुणा." असं म्हणायचे आणि तिला लागेल ती मदत करायचे.

शोधायचं म्हणजे काय करायचं, हे तिला पहिली काही वर्षं कळतच नव्हतं. हारातले मोती शोधण्यात अर्थ नव्हता. हार सुटला की मोती कुठल्याही मोत्यांत मिसळून जातात, त्यांना काही खूण नसते. पाचूला मात्र होती. राजवाड्याचं आता संग्रहालय झालं होतं आणि तिथे थोरल्या राणीसाहेबांचा, म्हणजे शेवटच्या राणीच्या सासूबाईंचा, एक मोठा फोटो लावलेला होता. सुटीच्या दिवशी मावशी दुकानातलं भिंग पर्समध्ये घालून तिथे जायची. फोटोत पाचूवरची तीन पानं स्पष्ट दिसत होती. तिसरं पान दुसऱ्यावर किंचित चढलेलं होतं आणि खालचा डावा कोपरा टवका उडाल्यासारखा तुटका होता. हा तुटका कोपरा तिनं डोक्यात पक्का ठेवला.

मग ती जुन्या मासिकांतले फोटो धुंडाळायला लागली. वाचनालयात परदेशी सचित्र साप्ताहिकांचे जुने अंक पडून होते. मोठ्या घरच्या बायका, नट्या, गायिका, त्यांच्या अंगावरचे दागिने. काकांकडे ते बांधणीला आले की ती त्यांच्या टेबलाशी बसून पान अन् पान बघायची. एक डोळा मिटून. वर्षानुवर्षं. काका म्हणायचे की एवढ्या बायकांचे गळे एखाद्या फौजदारानंही बघितले नसतील.

आणि एका दुपारी तो सापडला. एक परदेशी गायिका नाटकगृहाच्या पायऱ्या उतरत होती आणि तिच्या खांद्यावर पदकासारखा खोचलेला एक सहाकोनी खडा होता. तीन पानं. तिसरं दुसऱ्यावर चढलेलं. खालचा डावा कोपरा तुटका. मावशीनं भिंग खाली ठेवलं आणि टेबलावर हात आपटून काकांना बोलावलं.

काकांनी फोटो बघितला. मग अंकांचा तो जुना बांधीव खंड मिटून त्यांनी पाठीवरचं वर्ष बघितलं आणि पुन्हा उघडून अंकाची तारीख बघितली. "अगं," ते सावकाश म्हणाले, "हा अंक तर झडतीच्या आधीचा आहे. चांगला चार-पाच वर्षं आधीचा."

पाचू आजोबांच्या हातून "गहाळ" व्हायच्या कितीतरी आधी परदेशात एका गायिकेच्या खांद्यावर होता.

मावशी तो अंक घेऊन संग्रहालयात गेली. तिथे नव्यानंच आलेली एक तरुण क्युरेटर होती. मावशीला वाटलं होतं की ही आपल्याला वाटेला लावेल. पण तिनं दार लावून घेतलं, चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं. पुढे सहा-सात महिने त्या मुलीनं आपल्या परीनं जिवाचं रान केलं. गायिकेचे दागिने तिच्या मागून कुणाला गेले ते तिनं काढलं, कुठल्या संग्रहालयाला देणगी मिळाली ते काढलं आणि तिथून पाचूचे मोठे रंगीत फोटो मागवले. पुढून, मागून, कडेनं. हारात ओवण्यासाठी पाडलेलं तिरपं भोक मागच्या बाजूला सोन्यानं बुजवलेलं होतं. गायिकेनं तो एका जवाहिऱ्याकडून घेतला होता आणि जवाहिऱ्यानं "एका राजघराण्याकडून", एवढंच सांगितलं होतं.

आणखी एक गोष्ट क्युरेटरनंच दाखवली. शेवटच्या राणीसाहेबांचा हार घातलेला एक फोटो संग्रहालयाच्या तळघरात होता, तो राजवट संपायच्या आदल्या वर्षीचा. त्यात पाचूचा डावा कोपरा अखंड होता. ती म्हणाली की नुसत्या यावर विसंबता आलं नसतं, कारण तेव्हाचे फोटोवाले असे टवके ब्रशनं बुजवत असत. पण साप्ताहिकाची तारीख शेजारी ठेवली की अर्थ एकच निघतो. फोटोतला पाचू काचेचा आहे. मोतीही बहुधा खोटे. आजोबा कोठीवर असताना शेवटची काही वर्षं त्या पेटीत नक्कल होती.

मावशी त्या दिवशी आमच्याकडे आली ती पायऱ्या चढतानाच रडत होती. आईनं दार उघडलं. मावशी म्हणाली, "बाबांनी नाही चोरला गं. चोरायला तिथे खरा हारच नव्हता." दोघी बहिणी दारातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी त्यांना तसं त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

जेवताना काकांनी मात्र एक प्रश्न टाकला. त्यांनी तो मुद्दाम टाकला नव्हता, त्यांना खरंच पडला होता. "पण मग त्या दिवशी पेटी रिकामी कशी निघाली? नकलेला कुणी कशाला हात लावेल?"

आजी कोपऱ्यात बसून जेवत होती. तिला तोवर कुणी काही सांगितलं नव्हतं, सगळं पक्कं झाल्यावर सांगायचं ठरलं होतं. शिवाय तिला ऐकूही कमी येई.

या प्रश्नाचं उत्तर देईल असं एकच माणूस उरलं होतं. शेवटच्या राणीसाहेबांची धाकटी मुलगी. राजवाडा गेल्यावर त्या घराण्याची दैना झाली होती. ही राजकन्या पेट्रोल पंपामागच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहायची आणि मुलांना परदेशी भाषा शिकवायची. इमारतीतले लोक तिला बाईसाहेब म्हणत, पण तिला एकटीला पिशव्या वर नेताना बघत. मावशीनं फोन केला तेव्हा तिनं मला काही आठवत नाही म्हणून फोन ठेवला. मावशी तरीही गेली. जाताना मला सोबत नेलं. मी तेव्हा कॉलेज संपवून नुकतीच नोकरीला लागले होते.

दार उघडून बाईसाहेबांनी मावशीकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "कोठीवाल्यांच्या ना तुम्ही? कपाळ तेच आहे. या, आत या."

खोलीत खिडकी बंद होती, पेट्रोलचा वास येतो म्हणून. टेबलावर मुलांच्या वह्या, एका खुर्चीवर इस्त्रीचे कपडे. त्यांनी ते उचलून पलंगावर ठेवले आणि आम्हाला बसायला जागा केली. मावशीनं पाचूचे फोटो पुढे ठेवले. त्यांनी ते हातात घेतले नाहीत, नुसते बघितले. आणि मग त्या आपणहून बोलायला लागल्या. मध्येच थांबायच्या, पण कुणी विचारायची वाट बघायच्या नाहीत.

त्यांना एक मोठा भाऊ होता. तो शिकायला परदेशी आहे असं सगळ्यांना माहीत होतं. खरं म्हणजे त्याच्या मनाचा तोल गेला होता आणि त्याला तिकडच्या एका इस्पितळात ठेवलं होतं. गादीचा वारस वेडा झाला ही गोष्ट बाहेर फुटू द्यायची नव्हती. महाराज त्याचं नाव काढू देत नसत आणि खर्चही देत नसत. राणीसाहेबांनी आधी स्वतःचे दागिने विकले. ते संपले तेव्हा गादीचा हार कुणालाही न कळवता परदेशी पाठवला आणि त्याच्या जागी नक्कल करून घेतली.

"माझ्या वडिलांना माहीत होतं?" मावशीनं विचारलं.

"आईनं सांगितलं नव्हतं. पण ते रोज हाताळायचे. त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार. ते काही बोलले नाहीत."

पुढचं बाईसाहेबांनी स्वतः बघितलं होतं. त्या तेव्हा लहान होत्या, परकराच्या वयाच्या. मोजदादीच्या आदल्या दुपारी आजोबा राणीसाहेबांच्या खोलीत आले. दाराशीच उभे राहून म्हणाले की उद्या सरकारी माणसांबरोबर रत्नपारखी येणार आहे आणि तो खोटा पाचू एका नजरेत ओळखेल. राणीसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. हार विकला हे निघालं असतं तर कशासाठी विकला हेही निघालं असतं.

"तेव्हा तुमचे वडील म्हणाले," बाईसाहेब म्हणाल्या, "'पेटीत काही नसलं तर तो काय ओळखणार? माझ्याकडून गहाळ झाला असं होईल.' आईनं त्यांना असं करा म्हणून सांगितलं नाही. एवढं मी शपथेवर सांगेन. पण नको असंही म्हणाली नाही. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली."

नोकरचाकरांना त्या दुपारी अंगणात हजेरीला बोलावलं होतं. मुदपाकखाना रिकामा होता. आजोबांनी तिथला मोठा दगडी खल ओढून घेतला, हाराचे पदर तोडले आणि मूठ मूठ मोती त्यात घालून कुटले. मग तो काचेचा पाचू. बाईसाहेब दाराआडून बघत होत्या. कुटून झाल्यावर त्यांनी ती पूड चुलीतल्या राखेत मिसळली. मागे वळले तेव्हा त्यांना ती मुलगी दिसली. त्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते.

"मला म्हणाले, 'बेबीराजे, खेळायला जा.' बस. दुसरं काही नाही. आणि मी गेले."

मावशी ऐकत होती. तिचे हात मांडीवर होते आणि ती एकेक बोट उघडत, मिटत होती. मग तिनं विचारलं, "नंतर त्यांना पोलिसांनी नेलं, नोकरी गेली, तेव्हा राणीसाहेब काही म्हणाल्या का?"

"नाही. एकदाही चौकशी केली नाही तिनं. करू शकली नसती असं नाही. कोठीवाल्यांचा विषय निघाला की ती खोलीतून उठून जायची." बाईसाहेबांनी पदरानं चष्मा पुसला. "आणि मी. मी तर मोठी झाले, शिकले, सगळं कळत होतं मला. तुमच्या वडिलांना वखारीत बघायची मी. रस्ता बदलायची."

त्या म्हणाल्या की आता सगळं सांगा, भावाचंसुद्धा. आई गेली, भाऊ गेला, लाज वाटून घ्यायला घरात कुणी राहिलेलं नाही. मी लिहून सही करून देते. आणि त्यांनी ती दिलीही.

परत येताना बसमधून घराजवळ उतरल्यावर मावशी म्हणाली, "म्हणजे बाबांनी मला तेव्हा खोटं सांगितलं नाही. नाही म्हणाले असते तर ते खोटं झालं असतं." तिच्या तोंडावर एक प्रकारचं समाधान होतं. मला वाटतं तिच्या सगळ्या आयुष्यात तेवढाच अर्धा तास ती निवांत होती.

आजीला तिनं त्याच दिवशी सांगितलं. आजी मटार सोलत बसली होती. मावशी तिच्या पुढ्यात बसली आणि मोठ्या आवाजात, कानाशी लागून, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. आई होती, काका होते, मी होते. आजीनं मटार सोलणं थांबवलं नाही. सांगून झालं तरी ती सोलतच होती. आम्हाला वाटलं की तिला कळलं नाही.

मग ती म्हणाली, "म्हणजे घेतला होता."

"आई, तो खोटा होता. काचेचा. राणीची लाज राखायला बाबांनी..."

"खरा असू दे, खोटा असू दे." आजीनं शेंगांची टोपली बाजूला सारली. "मला सांगितलं नाही."

आजी आमच्याकडे बघत नव्हती. ती आपल्या हातांकडे बघून बोलत होती आणि आवाज अगदी रोजचा होता. आजोबांचे दिवस झाल्यावर, ती म्हणाली, तिनं त्यांची गादी उसवली होती. सगळा कापूस उपसून परत भरला. मोरीची फरशी काढून बघितली. त्यांच्या कोटाचं अस्तर, देवघराचा पाट, एकेक करून सगळं. मुली बाहेर असताना. काही मिळालं नाही, तरी ते कुठेतरी पुरून ठेवलंय हा विचार सुटला नाही. ते जुनं घर सोडून इकडे आलो तेव्हासुद्धा निघण्याआधी मागे फिरून सगळ्या भिंती ठोकून बघितल्या होत्या.

"मी त्यांना चोर समजून जेवायला वाढलं," ती म्हणाली. "इतकी वर्षं. आणि त्यांना ते कळत होतं. कळत असणारच. ते जेवत राहिले."

मावशीचा चेहरा मी तेव्हा बघितला आणि मला तिच्याकडे बघवेना. ज्या गोष्टीपायी तिनं अर्धं आयुष्य घालवलं ती तिनं आणून आईच्या पुढ्यात ठेवली होती, आणि आईला त्यातून हे मिळालं होतं. आजी उठली. टोपली आत घेऊन गेली. जाता जाता म्हणाली, "राणीची लाज राखली. आमची कुणी राखायची होती?"

पुढचे काही महिने घरात हा विषय कुणी काढला नाही. क्युरेटरनं एक लेख लिहिला, तो वर्तमानपत्रात आला. संग्रहालयात राणीसाहेबांच्या फोटोखाली नवी पाटी लागली. पाचू आज कुठे आहे, तो राजवट संपण्याआधीच विकला गेला होता आणि कोठीवाल्यांवरचा आळ निराधार होता, एवढं तिच्यावर आहे. भावाचं नाव मावशीनंच गाळायला लावलं. क्युरेटर म्हणाली की बाईसाहेबांची हरकत नाही. मावशी म्हणाली, "तो आजारी होता बिचारा. त्याला कशाला भिंतीवर टांगायचं?"

वखारीच्या रस्त्यावरचे जुने लोक मावशीला थांबवून बोलायला लागले. आम्हाला आधीपासून खात्री होती, असं त्यांच्यातले बरेच जण म्हणाले. मावशी ऐकून घ्यायची. एकदा शाळेतली एक वर्गमैत्रीण, आता पार पिकलेली बाई, दुकानात चष्मा करायला आली आणि पडद्यामागे येऊन मावशीचा हात धरून उभी राहिली. मावशीनं तिचं भिंग त्याच दिवशी करून दिलं.

आणि मग एका रविवारी बाईसाहेब आमच्या घरी आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. जिना चढून त्यांना धाप लागली होती. मावशी गडबडली, आईनं खुर्ची पुसली. पण त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. आजी सतरंजीवर बसली होती, तिच्यासमोर त्या गुडघे धरत धरत खाली बसल्या. दोघी म्हाताऱ्या अगदी समोरासमोर.

बाईसाहेब म्हणाल्या, "मी माफी मागायला आलेय. आईच्या वतीनं मागता येणार नाही, ती तिची होती. माझी मागते."

आजी त्यांच्याकडे बघत राहिली. मला भीती वाटली की ही आता काहीतरी लागेल असं बोलणार.

"तुमचा भाऊ," आजी म्हणाली, "बरा झाला का?"

बाईसाहेबांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "नाही. म्हणजे, मध्ये एक उन्हाळा बरा होता. घरी आणलं होतं त्याला. आम्हाला नावानं हाक मारायचा. माझ्या वेण्या घालून द्यायचा, वाकड्यातिकड्या. मग परत तसाच झाला. तिकडेच गेला तो."

"एक उन्हाळा," आजी म्हणाली.

"हो."

मग आजीनं विचारलं की वेण्या घालायला त्याला कुणी शिकवलं होतं. बाईसाहेब म्हणाल्या की कुणीच नाही, बघून बघून शिकला. मग आजीनं त्याचं वय विचारलं, तो जेवायचा का नीट ते विचारलं, शेवटी त्याच्याजवळ कोण होतं ते विचारलं. बाईसाहेब सांगत गेल्या. त्या बोलत होत्या तसं मला वाटलं की या बाईला तिच्या भावाबद्दल इतकी वर्षं कुणी काही विचारलंच नसावं. मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

माफ केलं असं आजी त्यांना कधी म्हणाली नाही, आणि बाईसाहेबांनीही पुन्हा मागितली नाही. पण त्या त्यानंतर अधूनमधून येत राहिल्या. आजीला ऐकू कमी यायचं, म्हणून मोठ्यानं बोलायच्या, आणि शेजाऱ्यांना राजघराण्याच्या सगळ्या भानगडी भिंतीपलीकडून फुकट ऐकायला मिळायच्या, असं काका म्हणत. आजोबांविषयी मात्र आजी फक्त एकदाच बोलली. बाईसाहेबांना तिनं विचारलं की ते कुटत होते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं. घाबरले होते का?

"नाही," बाईसाहेब म्हणाल्या. "चिडले होते. मला तेव्हा समजलं नाही कुणावर."

आजीनं मान हलवली, आणि आत वळून आईला म्हणाली की यांना चहात साखर कमी घाल, मागच्या वेळी अर्धा ठेवला होता.